गाडी नवीन आहे, मोकळी होईल

माझ्या थोरल्या बहिणीने पन्नाशी उलटल्यावर स्वतःच्या कमाईतून पहिली गाडी घेतली आणि शोरूमवाल्यांनी किल्ली दिली ती तिच्या नवऱ्याच्या हातात.

म्हणजे खरी किल्ली नाही. पुठ्ठ्याची, हातभर लांब, वर सोनेरी कागद चिकटवलेली, फोटोपुरती. पण दिली मेहुण्यांना, ज्यांना गाडी चालवताच येत नाही. एका डोळ्याने त्यांना लहानपणापासून अंधुक दिसतं, त्यामुळे लायसन्सच्या वाटेला ते कधी गेलेच नाहीत. गाडी निवडली ताईने, चालवून पाहिली ताईने, कागदांवर सह्या केल्या ताईने. तरी फोटोत मधोमध मेहुणे, ती भलीमोठी किल्ली धरून, चेहरा असा की कुणीतरी परक्याचं रडकं मूल कडेवर दिलंय. आणि ताई एका बाजूला, शेजाऱ्यांच्या गाडीचं कौतुक करायला आल्यासारखी.

"किल्ली माझ्या हातात द्यायला हवी होती ना?" ताईने विक्रेत्याला विचारलं.

"एकच की, मॅडम! घरातच तर जाणार," तो हसत म्हणाला.

मी तिथे होते. ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. तिच्या रागाचं ते पहिलं लक्षण. लहानपणी ते दिसलं की मी पलंगाखाली जाऊन बसायचे.

ताई फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा बदललेले, खुब्याचं हाड मोडलेले, झटका येऊन एक बाजू लुळी पडलेले, अशा माणसांच्या घरी जाऊन ती त्यांना पुन्हा चालतं करते. तिच्या इमारतीतले काही लोक अजून तिला 'मालिशवाल्या बाई' म्हणतात, पण त्यावर ती बोलायला लागली तर ही गोष्ट राहूनच जाईल. इतकी वर्षं ती बसने फिरली. खांद्याला पिशवी, पिशवीत वाळूची वजनं आणि रबरी पट्टे, काखेत व्यायामाचा तो मोठा चेंडू. एका कंडक्टरने त्या चेंडूचं अर्धं तिकीट मागितलं होतं, आणि तो चेष्टा करत नव्हता. म्हणून ही गाडी. लहानशी, गल्लीबोळात वळणारी, कुठेही मावणारी, आणि मुख्य म्हणजे पेट्रोल बेताने पिणारी. "लिटरला बावीसचं अ‍ॅव्हरेज कुठे गेलं नाही, मॅडम," विक्रेत्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी ताईने गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. आमच्या सगळ्या खानदानात असं पुस्तक वाचणारी ती पहिलीच. बाकीच्यांच्या घरी ती पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आली नाहीत. त्यात लिहिलं होतं, पहिले हजार किलोमीटर इंजिनावर जोर टाकू नका. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका. एकाच वेगाने फार वेळ जाऊ नका, वेग थोडा कमी-जास्त करत राहा. ओझं भरू नका. आतले नवे भाग एकमेकांना घासून आपापल्या जागी बसतात, त्यांना बसू द्या.

"हे मला पटतं," ताई म्हणाली. "नवीन गुडघ्याचंही आम्ही हेच करतो. चालायचं, पण धावायचं नाही. आणि घाबरून पडूनही राहायचं नाही."

हे तिने बोलायला आणि तिचा दीर आत यायला एकच गाठ पडली.

ताईच्या दिराचं बाथरूमच्या टाइल्सचं दुकान आहे, पण गाडी या विषयावर घरात शेवटचा शब्द त्याचा. त्याच्याकडे दांडगी डिझेल गाडी आहे, आणि दांडगी गाडी असली की ज्ञानही तेवढंच होतं अशी त्याची समजूत आहे. मेहुण्यांचीही तीच. ते औषधांचं दुकान चालवतात, गोळीच्या रंगावरून कंपनी सांगतील, पण बॉनेट कुठून उघडतं हे त्यांना माहीत नाही. धाकटा भाऊ सांगेल ते त्यांना ब्रह्मवाक्य.

"वहिनी, पुस्तकं वाचून गाडी चालत नसते," दीर खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. "नवीन इंजिन सुरुवातीलाच दाबून हाणायचं. हायवेला न्यायची आणि पार तळाला पाय. तरच मोकळं होतं. तुम्ही असं गोंजारत बसलात तर जन्मभर आळशी राहील."

"बनवणाऱ्यांनी लिहिलंय ते काय उगाच?"

"ते वकिलांनी लिहिलेलं असतं, वहिनी."

मेहुण्यांनी मान हलवली. कुणाच्या बाजूने ते सांगता येत नव्हतं, पण ताईने ते हलणं पाहिलं.

ताईने पुस्तकातलंच ऐकलं. घरापासून पहिल्या पेशंटकडे, तिथून दुसऱ्याकडे, वेग कधी थोडा चढवत कधी उतरवत, गिअर वेळेवर बदलत. पंधरवड्यात तिचा हात बसला. पण गाडीचं काहीतरी बसत नव्हतं.

"गाडी जड वाटते गं," एकदा मला घेऊन जाताना ती म्हणाली. "हे बघ." एका शांत रस्त्यावर तिने गाडी न्यूट्रल केली. रस्त्याला बारीक उतार होता. गाडी पुढे घरंगळत जायला हवी होती. ती थोडी गेली आणि कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी थांबली.

"चाकांत हवा कमी असेल," मी म्हटलं. मला त्यापलीकडे काही सुचलं नाही.

"हवा कालच भरली."

तिने शोरूमला फोन केला. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, "मॅडम, गाडी नवीन आहे, मोकळी होईल."

मग अ‍ॅव्हरेजची पाळी आली. ताईने पंपावर टाकी फुल्ल केली, नॉझल आपोआप बंद पडेपर्यंत, आणि मीटर शून्यावर आणलं. टाकी खाली आल्यावर त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा तशीच फुल्ल केली. लिटरला तेरा. तिला वाटलं आपलंच काही चुकलं, म्हणून पुन्हा एकदा केलं. या वेळी तेराही नीट भरेनात. पुन्हा फोन. पुन्हा तोच गोड आवाज. "इंजिन अजून बसायचंय, मॅडम. पहिली सर्व्हिसिंग झाली की बघा कशी पळते."

दिराला ही बातमी मेहुण्यांकडून लागली. त्याने टाळीच वाजवली. "सांगितलं नव्हतं? सेकंड गिअरमध्ये बैलगाडीसारखी चालवल्यावर काय बावीस देणार?"

"मी सेकंडमध्ये चालवत नाही, भाऊजी. तुम्ही एकदा तरी माझ्या शेजारी बसलात का?"

"बसायला कशाला हवं? कळतं ते."

कळतं ते! मला हे ऐकून इतका संताप आला की मी माझा चहाचा कप जरा जोरात आपटला आणि ताईची नवी बशी फुटली. ताई तुकडे गोळा करत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या मात्र बशीच्या लाल काठाशी स्पर्धा करत होत्या.

त्यानंतरच्या रविवारी ती माझ्याकडे आली होती, बसने, कारण माझ्या गल्लीत खोदकाम चाललं होतं. संध्याकाळी मी तिला घरापर्यंत सोडायला गेले. खाली गाडीची जागा रिकामी. ताईला वाटलं चोरीला गेली. ती धावत वर गेली, मी मागे.

"अगं, चोरी कसली," मेहुणे म्हणाले. "धाकट्याने नेलीय. त्याची गाडी गॅरेजला आहे. मित्रांबरोबर जायचं होतं कुठे. आणि म्हणाला, जाता जाता हिचं इंजिनही मोकळं करून आणतो."

"तुम्ही किल्ली दिलीत?"

"घरचाच माणूस आहे गं."

"मला एक फोन?"

मेहुण्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ताई खिडकीत जाऊन उभी राहिली ती हललीच नाही.

अंधार पडता पडता गाडी आली. आधी आतून चार मित्र उतरले, एकेक असा की त्या कंडक्टरने चेंडूऐवजी यांचंच जादा तिकीट मागावं. मग डिकीतून पेट्या. मग दीर. पुढच्या काचेवर किडे चिरडलेले. आम्ही खाली पोचलो तर गाडीजवळ जळकट वास येत होता, इस्त्री कपड्यावर विसरल्यावर येतो तसा.

"वहिनी, करून आणली मोकळी!" दीर खुशीत होता. "शंभरच्या वर गेली, थरथरली नाही. पाच जण, सामान, घाट, सगळं काढलं. आता बघा अ‍ॅव्हरेज."

"भाऊजी," ताई म्हणाली. आवाज अगदी खाली होता, त्यामुळे मी एक पाऊल मागे सरकले. "गुडघा बदलून चार दिवस झालेल्या माणसाच्या पाठीवर पोतं देऊन त्याला डोंगरावर पळवलं आणि परत आणून म्हटलं, करून आणला मोकळा, तर त्याला काय म्हणायचं?"

"गाडीला गुडघे नसतात, वहिनी."

मित्र हसले. मेहुणेही हसले. थोडंसंच, आणि लगेच आवरलं, पण हसले.

"हा वास कसला आहे?" ताईने विचारलं.

"तेच सांगणार होतो. क्लच जळतोय. तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता ना, त्याने. सवय सोडा ती." त्याने किल्ली मेहुण्यांच्या हातात दिली आणि मित्रांना घेऊन निघून गेला. ताई हात पुढे करून उभीच राहिली होती.

पहिल्या सर्व्हिसिंगला मेहुणेही बरोबर गेले, कारण ते केंद्र त्यांच्या दुकानाच्या वाटेवर होतं. मी नव्हते, पण ताईने मला हे इतक्यांदा सांगितलंय की मी तिथेच होते असं मला आता वाटतं. तिथल्या माणसाच्या छातीवर 'सल्लागार' अशी पट्टी होती. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅबची काचेची पाटी, तिच्यावर बोट फिरवत तो मेहुण्यांना म्हणाला, "बोला सर, काय तक्रार?"

ताईने तक्रार सांगितली. गाडी जड आहे, न्यूट्रलला घरंगळत नाही, मागून जळकट वास येतो, अ‍ॅव्हरेज तेरा आहे.

तो मेहुण्यांकडेच बघत म्हणाला, "सर, मॅडम क्लचवर पाय ठेवून चालवतात का?"

आणि मेहुणे म्हणाले, "असेल, असेल."

ज्या माणसाला क्लच कुठल्या पायाने दाबतात हे माहीत नाही, तो म्हणाला, असेल! संध्याकाळी गाडी धुऊन, पुसून, आत सुगंधी फवारा मारून परत मिळाली. "सगळं ओके आहे सर. मॅडमना थोडी प्रॅक्टिस होऊ द्या." जळकट वासावर सुगंधी फवारा! एवढाच काय तो इलाज.

ताईने घरी येऊन स्वयंपाक केला नाही. दोन दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोलली, आणि काम तिने फार कमी काढलं.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, मी ताईबरोबर तिच्या एका पेशंटकडे निघाले होते. लांबट चढ, पुढे मागे गाड्या, सावकाश चाललेली रांग. एक मोटरसायकलवाला आमच्या बाजूला आला आणि काचेवर टकटक करून मागे बोट दाखवत ओरडला, "बाई, चाकातून धूर येतोय!"

ताईने घाई केली नाही. इंडिकेटर दिला, कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आधी मला उतरवलं, मग स्वतः उतरली. मागच्या डाव्या चाकातून पांढरट धूर निघत होता आणि तोच वास, या वेळी डोळ्यांत पाणी आणणारा. ताईने पेशंटला फोन करून आजचं रद्द केलं, धूर विरेपर्यंत थांबली, आणि मग तिने जे केलं ते मी तिला पेशंटच्या गुडघ्यांवर करताना शंभरदा पाहिलंय. हाताची पालथी बाजू पुढच्या एका चाकाजवळ नेली. मग दुसऱ्या. मग मागच्या उजव्या. आणि मागच्या डाव्याजवळ नेताच हात झटकन मागे घेतला.

"तीन कोमट आहेत," ती म्हणाली. "हे तापलंय. क्लच चाकात असतो का गं?"

"नाही बहुतेक," मी म्हटलं.

"बहुतेक नाही. नसतोच. हा ब्रेक आहे. हँडब्रेक खाली असूनही मागचा ब्रेक चाक सोडत नाहीये. पहिल्या दिवसापासून. मी ब्रेक ओढत फिरतेय आणि हे लोक मला पाय कुठे ठेवायचा ते शिकवतायत."

मला वाटलं ती रडेल. ती पाणी प्यायली, चाक पुरतं निवू दिलं आणि म्हणाली, "बस आत."

सर्व्हिस केंद्र उताराच्या खाली, जवळच होतं. तिने गाडी वळवून रांगत नेली, मध्ये दोनदा थांबून चाक निववलं. आत शिरताना फाटकावरच्या माणसाने बाहेर थांबायला सांगितलं, तिने सांगितलं, "गाडीतून धूर निघतोय, कुठे लावू ते तुम्ही ठरवा," आणि गाडी सरळ मधल्या चौकात, जिथे नव्या गाड्या ताब्यात द्यायला ओळीने उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी नेऊन उभी केली.

सल्लागार धावत आला. "मॅडम, इथे नाही लावायची! सर नाही आले?"

हा प्रश्न त्याने विचारायला नको होता.

"सर दुकानात खोकल्याची औषधं विकतायत," ताई म्हणाली. "त्यांना गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. माझ्याकडे बघा. माझ्याकडे बघून बोला."

मग तिने गाडी न्यूट्रलमध्ये घातली, हँडब्रेक पूर्ण खाली केला, त्याला दाखवला. मागे जाऊन दोन्ही हात टेकवून ढकललं. ताई काही नाजूक नाही. धडधाकट माणसं उचलून उभी करणारी बाई आहे. गाडी जागची हलली नाही.

"मॅडम, नवीन गाडी थोडी टाइट असते, मोकळी..."

"शेजारची किती जुनी आहे?"

शेजारी तेच मॉडेल, तोच रंग, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेलं. दार उघडं होतं. ताई आत वाकली, तिचा हँडब्रेक सोडला, गिअर काढला आणि मागे येऊन एका हाताने, अक्षरशः एका हाताने ढकलली. ती गाडी अशी सुळकन निघाली की आम्ही सगळे बघतच राहिलो. सल्लागार "अहो, अहो, अहो" करत तिच्या मागे पळाला आणि काचेच्या दारापासून वीतभर अलीकडे त्याने ती कशीबशी थोपवली. काचेची पाटी त्याच्या हातातून निसटून फरशीवर पडली.

"ही नवीन नाही का?" ताईने विचारलं. आता तिचा आवाज चढला होता, साऱ्या चौकात ऐकू जात होता. "ही इतक्यात मोकळी कशी झाली? हिला कुणी हायवेवर नेलं होतं का? हिच्या क्लचवर कुणाचा पाय नव्हता म्हणून? इकडे या. हात लावा या चाकाला. लावा ना. मी आठवडेच्या आठवडे सांगतेय, तुम्ही माझ्या तोंडावर सुगंध मारलात!"

त्याने हात लावला आणि चटका बसल्यासारखा, खरंच बसून, मागे घेतला.

काचेमागे गिऱ्हाइकांची बसायची जागा होती. तिथून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत बाहेर आले. "माझीही हीच गाडी आहे," ते म्हणाले. "अ‍ॅव्हरेज देत नाही म्हणून तिसऱ्यांदा आलोय. मला सांगितलं, आजोबा, वयामुळे तुम्ही फार हळू चालवता, त्याने पेट्रोल जास्त जातं."

त्यांच्या मागे एक तरुण उभा राहिला, कानातले हेडफोन काढत. "मला सांगितलं, तुम्ही फार जोरात चालवता."

बाईला क्लच, म्हाताऱ्याला वय, तरुणाला वेग. ज्याला जे लागेल ते. उचलून बघायचे कष्ट मात्र एकाही गाडीसाठी कुणी घेतले नव्हते.

आतून मॅनेजर आले. आधी त्यांनी ताईला केबिनमध्ये बसून चहा घ्यायचा आग्रह केला. ताई म्हणाली, चहा नको, गाडी उचला, आणि माझ्यासमोर उचला. तिची गाडी लिफ्टवर चढली. मागचं डावं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम खेचून खेचून निघाला. आतले लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासायच्या पट्ट्या, जळून काळे पडले होते. कामगाराने हँडब्रेकची केबल हाताने ओढून पाहिली आणि मॅनेजरला म्हणाला, "फार ताणून बसवलीय, साहेब. सुटणारच नाही." म्हाताऱ्यांच्या गाडीतही तसंच निघालं, जळायला मात्र अजून आलं नव्हतं. तरुणाची गाडी अगदी ठणठणीत होती. त्याचा पायच जड होता. तो ओशाळून निघून गेला, आणि तेवढ्या रागातही ताईला हसू आलं.

"मॅडम, सगळं फ्री करून देतो," मॅनेजर म्हणाले. "लायनर, ड्रम, केबल. एक रुपया लागणार नाही."

"फ्री?" ताई म्हणाली. "तुम्ही मला खोटं पाडलंत, माझ्या घरात मला वेडी ठरवलंत, चढावर माझ्या चाकातून धूर निघाला, आणि हे नीट करून देणं म्हणजे माझ्यावर उपकार? फ्री म्हणू नका. 'आमची चूक झाली' म्हणा."

मॅनेजरनी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले. ताईने त्यांना ते सल्लागारासमोर पुन्हा म्हणायला लावलं, आणि याच मॉडेलच्या विकल्या गेलेल्या इतर गाड्यांच्या मालकांना बोलावून ब्रेक तपासणार का ते विचारलं. ते हो म्हणाले. खरंच बोलावलं की नाही, देव जाणे. म्हाताऱ्या गृहस्थांनी ताईचा फोन नंबर घेतला आणि ते अधूनमधून जाऊन विचारतात, एवढं मला माहीत आहे.

घरी आल्यावर मी निघणार होते, पण ताई म्हणाली, थांब. मेहुणे दुकानातून आले. ताईने त्यांना सगळं सांगितलं, अजिबात न ओरडता. ते ऐकत राहिले. धुराचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"मला एकच सांगा," ताई म्हणाली. "तुम्ही 'असेल, असेल' का म्हणालात?"

"त्याने 'सर' म्हणून विचारलं," मेहुणे म्हणाले. "गाडीतलं मला काही कळत नाही हे त्याच्यासमोर सांगायची लाज वाटली."

"तुम्हाला कळत नाही त्याचं मला काही नाही हो. मला कळतं, एवढं तरी सांगायचं होतंत."

जेवायला बसल्यावर मेहुण्यांनी तिच्या ताटात आधी वाढलं, मग स्वतः घेतलं. मी त्यांना तसं करताना पूर्वी पाहिलं नव्हतं.

नवे लायनर बसवल्यावर ताईने पुन्हा टाकी फुल्ल ते फुल्ल करून पाहिलं. वीसच्या थोडं खाली. बावीस काही आले नाहीत, ते बहुधा विक्रेत्याच्या छातीतच राहिले. पण गाडी आता अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी पुढे जाते, आणि वास कसलाच येत नाही.

हे सगळं ऐकून दीर काय म्हणाला असेल? तो म्हणाला, "ब्रेकचं काय एवढं, वहिनी. खरं अ‍ॅव्हरेज वाढलं ते मी त्या दिवशी हायवेला मोकळी केली म्हणून." आणि त्याच दमात, "या शनिवारी जरा गाडी लागेल मला. आता चांगली झालीय तर."

मी ताईच्या कानांकडे पाहिलं. पण ताईच्या आधी मेहुणेच बोलले. "तिला विचार. तिची आहे."

"नाही," ताई म्हणाली.

"नाही म्हणजे? शनिवारी तुम्हाला काम आहे का?"

"काम नाही. गाडी देणार नाही."

"वहिनी, घरच्या माणसाला?"

"घरच्या माणसाने जळकं चाक माझ्या दारात आणून ठेवलं आणि माझ्याच पायाला दोष दिला. गाडीत मागे कुणाची म्हातारी आई बसलेली असती तर? तुमच्या मित्रांच्या जिवाचंही तुम्हाला काही वाटलं नाही. त्या वासाचा अर्थ तुम्हाला माहीत नव्हता, आणि माहीत नाही म्हणायला तुमची जीभ वळली नाही. नाही म्हणजे नाही."

दीर उठून गेला. त्याला दोन-तीन महिने झाले. तो येत नाही, आला तरी खालूनच मेहुण्यांना हाक मारतो. नातेवाइकांत बोलणं चालू आहे की वहिनींना गाडी आल्यापासून गर्व झालाय. माझ्याही कानावर आलं. परवा ताईबरोबर जाताना मी तिला म्हटलं, "एवढं तोडायला हवं होतं का? शेवटी दीर आहे."

ताईने सिग्नलला गाडी थांबवली. माझ्याकडे वळून पाहिलं. "तू पण?" एवढंच म्हणाली.

मागच्या सीटवरचा चेंडू पट्ट्यातून सुटून इकडेतिकडे लोळत होता, तो मी मागे वळून धरला. सिग्नल सुटला. पुढच्या पेशंटचा आज पहिल्यांदा वॉकर सोडून चालायचा दिवस होता आणि आम्हाला उशीर झाला होता.